चाकाखालचा दगड

नव्वदच्या दशकात शहापूरच्या पेठेत गाडी लावायची एक रीत होती. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक मोकळा, दारं उघडी आणि उतार असेल त्या बाजूनं चाकाला एक दगड. चावी तेवढी खिशात. मागं कुणाची गाडी अडकली, तर त्यानं दगड काढायचा, तुमची गाडी ढकलून बाजूला करायची, स्वतःची काढायची आणि जाताना दगड परत जागेवर लावायचा. मालकाला हाका मारत फिरायचं नाही, हॉर्न बडवायचा नाही. पेठेची रुंदी एवढी, की समोरासमोरच्या दोन दुकानदारांनी एकदम हात झटकले तर टाळी वाजायची. त्यात बाजाराचा दिवस असला की टेम्पो, जीपा, रिक्षा, हातगाड्या आणि मधोमध झोपलेली एक गाय. त्या रितीशिवाय एकही चाक हललं नसतं.

ही रीत कुणी हौसेनं काढलेली नव्हती. त्याच्या काही वर्षं आधी, भाताच्या कापणीच्या दिवसांत, साप चावलेल्या एका माणसाला जीपमधून दवाखान्यात आणत होते आणि पेठेच्या तोंडाशी कुणीतरी कुलूपबंद गाडी आडवी लावून जेवायला गेला होता. हँडब्रेक ओढलेला, काचा वर. लोकांनी गाडी उचलायचा प्रयत्न केला, मग त्या माणसालाच खाटेवर घालून पळवलं. पोचायला उशीर झाला. एवढंच लिहितो. त्यानंतर पेठेत हँडब्रेक ओढणारा माणूस लोकांच्या नजरेतून उतरायचा तो उतरायचाच.

माझं तिथं पाण्याच्या पंपाच्या मोटरी भरायचं, म्हणजे आतली जळलेली तार काढून नवी गुंडाळायचं, दुकान होतं. जळलेल्या मोटरी शेतावरून आणायला आणि भरून पोचवायला एक जुनी जीप घेतलेली. वर हिरवं रेक्झिनचं हूड, मागं दोन्ही बाजूंना आडवी बाकं, खिडक्यांना काचा नाहीत, नुसते रेक्झिनचे पडदे. ती जीप चालवली कमी आणि ढकलली जास्त. सकाळी दुकानापुढं लावावी, दुपारी डबा खाऊन बघावं तर ती भांडीवाल्यापुढं. चहाला जाऊन यावं तर एस.टी. स्टँडावर. एकदा दोन दिवस गावाला गेलो, तर तिला शोधायला आटगावचा रस्ता धरावा लागला. माझी तर खात्री आहे, की महिनाभर आजारी पडलो असतो तर लोकांनी सौजन्यानं ढकलत ढकलत ती कसाऱ्याचा घाट चढवून पलीकडं उतरवली असती, आणि दगड लावून परत आले असते.

इथपर्यंतचं जरा फुगवलेलं आहे. पुढचं नाही. पुढचं फुगवायला माझी जीभ धजत नाही, कारण त्या जीपमध्ये माझी मुलगी होती.

एका वर्षी पौषात आम्ही तिघं मुरबाडपलीकडच्या म्हसा गावच्या जत्रेला निघालो. मी, बायको आणि मुलगी. मुलगी तीन वर्षांची. थंडी अशी, की मुरबाड येईपर्यंत माझ्या मिशांवर दव साचून त्याचे थेंब स्टिअरिंगवर पडत होते. मुलगी पहाटे उठवल्यामुळं चिडलेली, रस्ताभर रडली, मुरबाड सोडल्यावर मागच्या बाकावर आडवी झाली आणि म्हसा आलं तेव्हा गाढ झोपली होती. बायकोनं तिला दुलईत गुंडाळलं. दिसत होतं ते फक्त नाक.

म्हशाची जत्रा ज्यानं पाहिली नाही त्याला काय सांगावं. जिकडं बघावं तिकडं बैल. शिंगांना रंग लावलेले, झुली घातलेले, सगळे आपल्याकडंच बघताहेत असं वाटणारे. बैल नाहीत तिथं माणसं, माणसं नाहीत तिथं घोंगड्या आणि पितळेची भांडी. गाड्यांसाठी कापणी झालेली भातखाचरं मोकळी सोडलेली, बांध फोडून वाटा केलेल्या. आणि गाडी लावायची रीत तीच, आमच्या पेठेचीच, कारण मुरबाडपासून शहापुरापर्यंतची सगळी टेम्पोवाली, जीपवाली मंडळी तिथं. मी घोंगडीवाल्याच्या पालासमोर जीप लावली. न्यूट्रल केली. कुणाचा तरी बैल अडेल, कुणाचा टेम्पो अडकेल, आपल्यामुळं खोळंबा नको. चांगला नारळाएवढा दगड शोधून चाकाला लावला.

बायको म्हणाली, झोपू दे तिला, घोंगडी समोरच तर घ्यायची आहे. खरंच समोर होती. मध्ये फक्त पायवाट. एकानं घोंगडी बघायची आणि एकानं जीप बघायची असं ठरवून आम्ही उभे राहिलो, आणि बराच वेळ ते नीट चाललं.

घोंगडीवाला हाडाचा विक्रेता. ही जाड आहे, ती टोचते, ती लांबीला कमी, असं बायको म्हणत गेली तसा तो पेटत गेला. शेवटी त्यानं आणि त्याच्या भावानं एक भलीमोठी काळी घोंगडी दोन टोकांना धरून आमच्यासमोर झटकून उभी पसरली. बघा म्हणाला, उन्हाकडं धरून बघा, एक किरण आरपार आला तर फुकट न्या. आम्ही दोघांनी बघितलं. बारीक बघितलं. किरण काही आला नाही. मागून बैलांची एक रांग घुंगरं वाजवत गेली, कुणीतरी ‘हला हला’ ओरडत होतं.

त्यांनी घोंगडी खाली घेतली. समोर जीप नव्हती.

जत्रेत जादूगार असतात. पेटीतली बाई नाहीशी करतात, रुमालातलं कबुतर नाहीसं करतात. मी तोंड उघडं टाकून त्या मोकळ्या जागेकडं बघत राहिलो. तिथं भाताची खुंटं होती, चाकाचे दोन पट्टे होते आणि एक बैल शेण टाकत होता.

“अहो, गाडी?” बायको म्हणाली.

मी हसलो. सवयीनं हसलो. ढकलली असेल कुणीतरी, म्हणालो. आणि हसू तोंडावर असतानाच ते आठवलं, तिलाही त्याच क्षणी आठवलं, आणि तिनं माझा दंड असा धरला की पुढं कितीतरी दिवस तिथं बोटं उमटलेली होती.

चाकाचे पट्टे धरून पळालो. थोडं पुढं गेल्यावर ते खुरांनी पुसून गेले. तिथं एक टेम्पोवाला नुकतेच घेतलेले बैल टेम्पोत चढवत होता. हिरव्या हुडाची जीप विचारल्यावर त्याचा चेहरा फुलला.

“तुमची व्हय? आमीच ढकलली. लय हलकी गाडी. तिकडं रसवाल्यापाशी लावलीय, दगड बरोबर लावलाय, काळजी नको.”

आत मूल आहे, तुम्ही आत बघितलं का, असं बायकोनं विचारलं. तो गोंधळला. “दुसऱ्याच्या गाडीत कशाला डोकवायचा ताई?” म्हणाला. पडदे खाली होते. पडदे खाली असलेल्या गाडीत आपण डोकावत नाही, ते वळण त्याच्या आईनं त्याला लावलेलं असणार. त्याला काय बोलणार. आम्ही पळालो.

रसवाल्यापाशी जीप नव्हती. रसवाल्यानं आधी दोन ग्लास भरले, मग ऐकून घेतलं. भांड्यांचा ट्रक आला होता म्हणाला, त्याला वळायला जागा पाहिजे होती, म्हणून चार जणांनी जीप पुढं घेतली, पाळण्याकडं. चांगली माणसं होती, दगड आठवणीनं बरोबर घेऊन गेली. त्यानं आमच्यापुढं ग्लास सरकवले. मी त्यातला एक ग्लास का प्यायलो हे मला आजवर कळलेलं नाही. 

पाळण्यापाशी तर नुसता कल्लोळ. वर लाकडी पाळणे करकरताहेत, खाली कर्णे गाताहेत, मौत का कुआंवाला मोटारसायकल फाडतोय. माझ्या डोक्यात आता भलभलते विचार यायला लागले होते. इतके जण ढकलताहेत, त्यातला एखादा गाडी पळवणारा निघाला तर? मुलगी जागी झाली आणि पडदा सारून खाली उतरली तर? एवढ्या बैलांत? तीन वर्षांचं पोर बैलाच्या गुडघ्याला लागत नाही. मला समोरून येणारा प्रत्येक बैल एवढा मोठा दिसायला लागला, की त्याच्या पोटाखालून एस.टी. गेली असती. बायकोला मी यातलं काही सांगितलं नाही. तिनंही मला सांगितलं नाही. पण आम्ही दोघंही पळताना खाली बघत होतो, खुरांकडं.

हरवलेल्यांसाठी एक मांडव होता आणि त्यात माईक घेतलेला एक माणूस. बायको त्याच्यावर धावून गेल्यासारखी गेली. त्यानं विचारलं, मूल हरवलंय की गाडी? ती म्हणाली, दोन्ही. तो म्हणाला, मूल आधी सांगतो, गाडीचं नंतर. ती म्हणाली, अहो मूल गाडीत आहे. तो विचारात पडला. मग मूल हरवलं कुठं, म्हणाला, ते तर गाडीत आहे. मी आजवर पुष्कळ वकील पाहिले, पण असा मुद्दा कुणी काढलेला पाहिला नाही. शेवटी त्यानं कर्ण्यातून पुकारलं, की हिरव्या जीपमध्ये झोपलेल्या मुलीनं असेल तिथून मांडवात यावं, तिचे आईवडील वाट पाहत आहेत.

बायकोनं त्याच्या हातातला माईक काढून घेतला. ती काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण पाळणा फिरवणाऱ्यानं तेवढ्यात मला खांद्याला धरून वळवलं होतं. हिरवी जीप म्हणजे ती का, म्हणाला, ती आमच्या रांगेत येत होती. पोरांनी ती खालच्या अंगाला नेली.

“खाली कुठं?”

“विहिरीकडं. तिकडं मोकळा हाय ना.”

मी पळालो. बायकोला सांगायला थांबलो नाही. विहिरीकडं हा शब्द तिला सांगायचा कसा, हेही होतं.

ती खाचरं वरून खाली उतरत जातात. बांध फोडलेले, म्हणजे अडवायला काही नाही. आमच्याकडच्या शेतातल्या विहिरींना तेव्हा कठडे नसायचे. गवतात चालता चालता एकदम जमीन संपायची. मी मोटरी उतरवायला असल्या शेकडो विहिरींवर गेलेलो. कुठली किती खोल असते, कपारी कशा असतात, पाणी कसं काळं दिसतं, सगळं माहीत. माहीत नसतं तर बरं झालं असतं.

वाटेत तीन बायका दगडांची चूल मांडून भात शिजवत बसल्या होत्या. मी त्यांना जीप विचारायला थांबलो आणि माझं लक्ष चुलीकडं गेलं. दोन दगड काळे, जुने. तिसरा नवा. नारळाएवढा. त्याच्या एका अंगाला टायरची नक्षी उमटलेली होती, मातीची, अजून ओली.

“हा दगड कुठला?”

त्यातली एक म्हणाली, तिथंच पडला होता, एका गाडीच्या चाकाला. चुलीला दोन सापडले, तिसरा सापडेना. गाडी उभीच होती की. “दगुड काढला तरी हालली नाय,” ती म्हणाली. “मंग घेतला.”

मागनं कुणीतरी खाली नेली वाटतं, म्हणत तिनं उतारावर हात केला. खाली, खाचराच्या अगदी टोकाला हिरवं हूड दिसत होतं. हुडाच्या पुढं गवत. गवताच्या पुढं काही नाही.

आता मी जे पाहिलं ते जसं होतं तसं सांगतो. जीपचं तोंड विहिरीकडं होतं. जीपच्या पुढच्या जाळीला पाठ लावून एक म्हातारा उभा होता, म्हणजे उभा नव्हताच, आडवा झाला होता. पाय पुढं ताणलेले, टाचा एका उरलेल्या बांधाच्या कडेत रुतवलेल्या, दोन्ही हात मागं पसरून मडगार्ड धरलेले. त्याच्या टाचांच्या पुढं मघाची ती घोंगडी पसरली असती एवढी जागा, आणि मग विहीर. तो विहिरीकडं तोंड करून ओरडत होता. आवाज बसलेला. “गाडी कुनाची... उतरा रे... गाडी कुनाची...”

आणि जीप माणसांनी भरलेली होती.

हे मला आधी कळेचना. मागच्या पडद्यातून पाय बाहेर आलेले, एक गाठोडं, एक कोंबडी. मी धावत पोचलो तेव्हा एक गडी मागून चढायच्या बेतात होता. मला ढकलून म्हणाला, नंबरानं या. तेव्हा डोक्यात उजेड पडला. म्हातारा ‘गाडी, गाडी’ ओरडतोय ते ऐकून लोकांना वाटलं मुरबाडला जाणारी लाइनीची जीप आहे आणि हा शीटं भरतोय. जत्रेतून परतताना जागा मिळणं म्हणजे काय असतं ते त्यांना पक्कं माहीत. तो ‘उतरा’ म्हणाला तसे ते आणखी घट्ट बसले. उतरेल त्याची जागा गेली. एक जण तर आतून ओरडला होता म्हणे, आमी आधी बसलोय, आमी नाय उतरनार. माणसागणिक जीप जड होत गेली आणि म्हाताऱ्याच्या टाचा मातीत उतरत गेल्या.

मी आत उडी मारली आणि हँडब्रेक ओढला. तो एखाद्या सुटलेल्या बिजागरीसारखा वर आला, खाली गेला. वर्षानुवर्षं कधी ओढलेलाच नव्हता, वायर कधीच गंजून तुटलेली. मग दोन्ही पाय फूटब्रेकवर दिले. ब्रेक लागला. क्लच दाबायला एक पाय उचलावा लागणार होता आणि तो उचलवेना. कसाबसा उचलला. रिव्हर्स गिअर टाकला. काचेतून मला म्हाताऱ्याचं डोकं दिसत होतं, पांढरे केस, मानेवरून घाम वाहत होता, पौषातल्या थंडीत.

मग मागं वळून बघितलं. बाकावर गुडघ्याला गुडघा लावून माणसं, आणि मधोमध एका आजीच्या मांडीवर दुलईचं गाठोडं. नाक तेवढं बाहेर. झोपलेली. त्या आजीला वाटलं होतं, पोर समोरच्या गड्याचं आहे. समोरच्याला वाटलं होतं, आजीचं. सगळे जपून, पाय आखडून बसले होते, पोराला लागू नये म्हणून.

“काय रे ड्रायवर, कुटं उलथला व्हतास?” आजी म्हणाली. “कवाशी बसलाव आमी.”

मी बाहेर ओरडलो. बाबा, सोडा, गिअर टाकलाय, ब्रेक लागलाय. म्हातारा हलला नाही. परत सांगितलं. त्यानं मान वळवली नाही, फक्त म्हणाला,

“आदी पोर उतरवा. मंग सोडतो.”

तेवढ्यात बायको आली. तिला वरून सगळं दिसलं होतं, विहीरही. ती मागच्या पडद्यातून आत शिरली. गुडघ्यांवरून, गाठोड्यावरून, कोंबडीवरून. बाई, जागा नाय, असं दोघातिघांनी सांगून बघितलं. तिनं दुलईसकट मुलगी उचलली. आजी म्हणाली, तुजी काय, घे, मला वाटला ह्याची हाय.  बायको तशीच मागं उतरली आणि उतारावरून वर, वर चालत राहिली, थेट चुलीपर्यंत. तिथून तिनं हात वर केला.

मग म्हाताऱ्यानं पाठ सोडवली. जीप जागची हलली नाही. तो दोन पावलं बाजूला गेला आणि खाली बसला, म्हणजे त्याचे पायच खाली बसले. सदऱ्यावर पाठीला जाळीच्या पट्ट्या उमटल्या होत्या.

चुलीजवळच्या बाईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिनं भाताचं भांडं उतरवलं, तिसरा दगड पदराच्या बोळ्यात धरून धावत खाली आणला आणि चाकाखाली टाकला. गवत चरचरलं.

मी ब्रेकवरचा पाय तेव्हा काढला. खाली उतरलो. म्हाताऱ्याशेजारीच बसलो. तो एका पाड्यावरचा शेतकरी, बैलजोडी विकायला आणलेली. बैलांना पाणी न्यायला बादली घेऊन विहिरीकडं निघाला होता. मागून गाडी येताना त्याला दिसली, हळू, आवाज न करता, आत ड्रायव्हर नाही. त्यानं बादली टाकली आणि पाठ लावली. बादली घरंगळत गेली.

“आवाज उशिरा आला,” तो म्हणाला. “मंग कळला, किती खोल हाय.”

मी म्हणालो, बाबा, तुम्ही बाजूला व्हायला पाहिजे होतं, गाडीबरोबर तुम्हीही गेला असता.

“बाजूलाच व्हनार व्हतो. नुसती गाडी असती तर सोडली असती, शेट. काचंतून बघला तर बारका पाय दिसला, दुलईतून भायेर आलेला.”

मी त्याच्या टाचांना लागलेली माती हातानं झाडायला लागलो. 

आता जीप काढायची होती. नाक विहिरीकडं, म्हणजे मागं घ्यायची. चढावर मागं घेताना ब्रेक सोडून ॲक्सिलरेटर देईपर्यंत गाडी क्षणभर पुढं जाते, जाणारच, आणि एका दगडाचा भरवसा नाही. त्या क्षणासाठी पुढं किती जमीन आहे ते मला दिसत होतं. शीटं अजून आतच. मी त्यांना म्हणालो, उतरा, गाडी रिकामी करा. कुणी हललं नाही. मग मी फक्त पडदा वर केला आणि म्हणालो, पुढं बघा. आजीनं वाकून बघितलं. तिच्या मागच्यानं बघितलं. जीप एवढ्या लवकर आणि एवढ्या गुपचूप रिकामी झालेली मी पुन्हा कधी पाहिली नाही. कोंबडीसुद्धा आवाज न करता उतरली.

वरून बायको ओरडत होती, राहू द्या गाडी, जाऊ दे ती. मला तेही पटत होतं. पण ती तशीच सोडून गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत आणखी कुणी सज्जन माणूस दगड शोधत आला असता, कुणाचं तरी पोर तिच्यापुढून गेलं असतं. म्हातारा उठला. पुन्हा जाळीपुढं गेला आणि पाठ लावली. आजीच्या समोरचा गडी गेला. नंबरानं या म्हणणारा गेला. मग बाकीचे सगळेच, मडगार्डला, बंपरला, विहिरीकडं पाठ करून. मी आत बसलो. चावी लावली, तेव्हा काचेतून ती सगळी तोंडं माझ्याकडं बघत होती, कुणाची ओठांवरून जीभ फिरतेय, कुणाचे डोळे मिटलेले. मला कळलं की आता माझा पाय घसरला तर एक पोर नाही, ही सगळी माणसं जाणार.

इंजिन लागलं. क्लच सोडला. गाडी तसूभर पुढं गेली, कुणीतरी ‘देवा’ म्हणालं, आणि मग ती मागं आली, दगडांवरून उडत, चुलीला वळसा घालून, थेट वर रस्त्यापर्यंत. मी थांबवलीच नाही.

बायकोनं जत्रेतली सगळ्यांत जाड पत्र्याची बादली निवडून म्हाताऱ्याला दिली. त्यानं ती वाजवून बघितली, घेतली आणि बैलांकडं गेला. त्यांना सकाळपासून पाणी मिळालं नव्हतं.

बायको जीपमध्ये बसायला तयार नव्हती. मी पुष्कळ सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही या गाडी घेऊन, आम्ही एस.टी.नं जातो. आजीनं एस.टी.त तिच्यासाठी जागा धरली होती, मागच्या बाकावर. मुलगी तोवर जागी झालेली, भूक लागली म्हणून कुरकुरत होती. मी रिकामी जीप घेऊन एस.टी.च्या मागून निघालो. मागच्या काचेला नाक चिकटवून मुलगी माझ्याकडं बघत होती, हात हलवत होती. मला स्टिअरिंगवरचा हात काढवत नव्हता. एस.टी. थांब्यावर थांबली, की मी मागं लांबच थांबायचो, सगळा उतार मध्ये सोडून, दोन्ही पाय ब्रेकवर देऊन. आणि ती मला बोटानं बोलवायची, जवळ ये, जवळ ये.